मुकी फाइल

१

फाइल जागेवर होती. तारीख बरोबर, वेळ बरोबर, म्हाताऱ्याचा नंबरही बरोबर. फक्त तिच्यात कुणी बोलत नव्हतं. चांगला चार-पाच मिनिटं चाललेला फोन, आणि आत साधा खोकलासुद्धा नाही.

मी आवाज पूर्ण वर नेला, हेडफोन बदलला, पुन्हा पहिल्यापासून लावलं. मालक माझ्या डोक्यावर उभे होते.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? मग तुमचं ते सॉफ्टवेअर काय शोभेला बसवलंय?"

मी फोनवाली. कंपन्यांच्या फोनयंत्रणेला रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर जोडून देणं हा माझा धंदा. जोडताना सगळे खूश असतात, कारण तेव्हा ते दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं यंत्र असतं. आपलं बोलणं ऐकायची पाळी आली, की दोष यंत्राचा आणि ओघानं माझा. या कंपनीत ते मी दीड महिन्यापूर्वी जोडलं होतं, आणि इतक्यात मला पुन्हा बोलावलं होतं ते काही चहाला नव्हे.

ही कंपनी आजारी माणसांना घरी ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं देते. मशीन बंद पडलं की पेशंट फोन करतो, इथल्या बायका फोन घेतात, आणि मेकॅनिक भरलेला सिलिंडर गाडीत टाकून निघतो. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्याचं मशीन भरदुपारी बंद पडलं. त्यानं इथे फोन केला. गाडी गेलीच नाही. संध्याकाळी त्याची लेक आली, तेव्हा तो खुर्चीत बसल्या बसल्या गेलेला होता. आता पोलिसांनी त्या फोनचं रेकॉर्डिंग मागितलं होतं.

"सरळ आहे सगळं," मॅनेजर म्हणाला. "फोन आमच्या इथल्या ताईच्या टेबलावर आला. तिच्याच लॉगिनवर. तिनं रेकॉर्डिंग थांबवलं, म्हाताऱ्याला काहीतरी ऐकवलं आणि फोन ठेवून दिला. मेकॅनिकला कळवलं नाही, आम्हाला कळवलं नाही."

रेकॉर्डिंग थांबवता येतं हे खरं. गिऱ्हाईक पैसे भरायला कार्डाचा नंबर सांगायला लागलं, की फोनवर स्टार सात दाबायचं. पुन्हा दाबेपर्यंत किंवा फोन संपेपर्यंत फाइल मुकी राहते. कुठल्या फोनवरून दाबलं तेही सॉफ्टवेअर लिहून ठेवतं. इथे ते ताईच्याच फोनवरून दाबलेलं होतं.

मालकांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सॉफ्टवेअर ठीक चालतंय, आणि रेकॉर्डिंग ताईच्या फोनवरून थांबवलं गेलं, इतकंच त्यात होतं. "सही करा. संध्याकाळी हा पोलिसांकडे जाईल."

कागदात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि माझी सही झाली, की अकरा वर्षं तिथे बसणारी एक बाई माणूस मारल्याच्या आरोपाखाली आत जाणार होती. मी पेन उघडलं आणि तसंच धरून बसले.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. खणखणीत, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असा.

"सहीचं नंतर बघा. दाराची कडी कुणी काढली ते मला आधी सांगा."

२

ती म्हाताऱ्याची लेक होती. सकाळपासून बसली होती, आणि कुणी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"माफ करा, मी मोठ्यानं बोलते," ती म्हणाली. "बाबांना कमी ऐकू यायचं, सवय लागलीय. घरात एकटे असले की ते कडी लावून बसायचे. मी पोचले की खालून फोन करायची, मग ते उठून काढायचे. त्या दिवशी दार नुसतं लोटलेलं होतं. खुर्ची दाराकडे वळवलेली. फोन मांडीवर."

"बाई, आम्हाला वाईटच वाटतंय..." मॅनेजरनं सुरुवात केली.

"वाईट वाटून घेऊ नका. उत्तर द्या. मी दोन गल्ल्या पलीकडे कामाला आहे. समोरच्या घरात डॉक्टर राहतो. बाबांनी मला फोन नाही केला, त्यालाही नाही केला. तुम्हाला केला, आणि मग दार उघडं टाकून बसून राहिले. श्वास लागलेला माणूस असा बसून राहतो?"

तिचा आवाज एकदम खाली आला. "मला का नाही केला? आदल्या दिवशी मी त्यांच्यावर चिडले होते. तेवढ्यावरून तर नसेल?"

मी पेनाला टोपण लावलं. मालकांना म्हटलं, "सही करीन. आधी माणसांशी बोलते."

"तुम्ही सॉफ्टवेअर तपासायला आलात ना?" मॅनेजर म्हणाला.

"सॉफ्टवेअर आपणहून मुकं होत नाही. कुणीतरी बोट लावावं लागतं."

३

ताईला मी जुनी मशीनं ठेवायच्या खोलीत गाठलं. अख्खं ऑफिस तिला ताई म्हणतं, मालकसुद्धा. तिचा नवरा पाठीच्या दुखण्यानं दोन वर्षं घरी आहे. तिच्या शेजारच्या टेबलावर बसते ती तिची सख्खी नणंद. तिला सगळे धाकटी म्हणतात. तिनंच वहिनीला इथे चिकटवलं होतं. दोघी एकाच घरात राहतात, एकाच डब्यात जेवतात.

"तो फोन मी घेतलाच नाही," ताई म्हणाली.

"पण मॅनेजरला तुम्ही सांगितलंत, की मी जागेवरच होते."

"खोटं सांगितलं."

"का?"

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "उठताना लॉगआउट केलं, की भिंतीवरच्या पडद्यावर आपल्या नावापुढे घड्याळ सुरू होतं. कोण किती वेळ उठलं ते मॅनेजरसाहेब महिनाअखेरीला सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. कोण बाथरूममध्ये किती वेळ होतं, तेसुद्धा. म्हणून आम्ही कुणीच लॉगआउट करत नाही. फोन तसाच चालू ठेवून उठायचं, वाजला तर शेजारचीनं घ्यायचा. लॉगआउट न करता उठलेलं सापडलं तर मात्र त्याच दिवशी घरी."

"त्या दिवशी कशाला उठलात?"

"घरून फोन आला. हे न्हाणीघरात घसरून पडले होते. जिन्यात जाऊन बोलत होते मी. परत आले तर सगळं शांत. फोन येऊन गेला हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा घाबरून बोलून गेले, जागेवरच होते म्हणून. आता खरं सांगितलं तर कोण ऐकणार?"

खोटं एकदा बोललं, की पुढचं खरंही त्याच भावात जातं. तिला ते माझ्याआधी कळलेलं दिसत होतं.

"मग फोन शेजारचीनं घेतला असेल."

"धाकटीनं? छे! ती तिच्या फोनवर होती. आणि ती असं करायची नाही हो, जीव गेला तरी. तिचं नाव मध्ये आणू नका."

"तुम्हाला जिन्यात जाताना कुणी पाहिलं?"

"तिनंच. तिलाच सांगून गेले, दादा पडलेत म्हणून."

माझ्या हातात मॅनेजरनं दिलेला जबाब होता. धाकटीच्या सहीचा. त्यात लिहिलं होतं: वहिनी जागेवरून उठल्याचं मी पाहिलं नाही.

४

धाकटीचे डोळे रडून सुजले होते. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं.

"मी कॉलवर होते," ती म्हणाली. "मास्कच्या साइजबद्दल एक बाई विचारत होत्या. वहिनी कधी उठली, कधी बसली, माझं लक्ष नव्हतं."

"शेजारी कोण बोलत होतं, ते तरी?"

"काहीच ऐकू आलं नाही. खरंच."

दोघींच्या टेबलांमध्ये हात पसरायलाही जागा नव्हती. तिच्या गळ्यात हेडसेट लटकत होता. मी तो ओळखला. सॉफ्टवेअर जोडताना मी मॅनेजरला हात जोडून सांगितलं होतं, की हे घेऊ नका, हे पंख्याची घरघरसुद्धा पकडतात. तो म्हणाला होता, "बायकांना बोलायचंच आहे ना, गाणी थोडीच म्हणायची आहेत?" आणि सगळ्यात स्वस्त होते ते उचलले.

खाली मेकॅनिक गाडी धूत होता. स्वच्छ गाडी दुसऱ्यांदा धूत होता.

"त्या दुपारी कुठे होता?"

"गोदामात."

"आणि गाडी?"

"गाडीपण गोदामात."

"गोदाम पहिल्या मजल्यावर आहे हो."

त्यानं फडकं पिळलं, वर मॅनेजरच्या खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा पिळलं. "बाई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मला दोन लेकरं आहेत. तुम्ही यंत्रवाल्या, तुम्ही यंत्राचं बघा."

मग मी यंत्राचंच बघायला वर गेले.

५

मुक्या फाइलकडे परत जाण्याआधी मी इतर फाइली काढल्या. दीड महिन्यात या बायकांनी जिथे जिथे स्टार सात दाबलं होतं त्या सगळ्या. एकामागून एक ऐकत गेले आणि तिसऱ्या-चौथ्या फाइलीलाच सरळ बसले.

प्रत्येक फाइल "नमस्कार, बोला" अशी सुरू होत होती. मुकेपण नंतर, गिऱ्हाईक कार्ड काढतं तेव्हा. दिवसभर फोनवर बसणाऱ्या बाईला फोन उचलणं आणि नमस्कार म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी उरलेल्याच नसतात. ताप भरलेला असला, नवऱ्याशी भांडण झालेलं असलं, तरी बटण दाबलं की नमस्कार बाहेर पडतोच. म्हाताऱ्याच्या फाइलीत नमस्कार नव्हता. ज्यानं तो फोन उचलला त्यानं तोंड उघडायच्या आधी स्टार सात दाबलं होतं.

म्हणजे ती ताई नव्हती. धाकटीही नव्हती. मेकॅनिकला तर स्टार सात म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्याच्या फोनला ती सोयच मी दिली नव्हती.

मग असं कोण करतं? हे शोधायला फार डोकं लागलं नाही. मालकांनी सगळ्यांचे फोन रेकॉर्ड करायला सांगितले तेव्हा एकच माणूस कुरकुरला होता, "माझा कशाला?" मालक ऐकेनात, तेव्हा त्यानं मला पुन्हापुन्हा विचारलं होतं, थांबवायचं कसं. मी मॅनेजरच्या स्वतःच्या फोनच्या फाइली उघडल्या. एक, दोन, दहा. सगळ्या पहिल्या क्षणापासून मुक्या. उचलला की स्टार सात, ही त्याच्या बोटांची खोड होऊन गेली होती. त्या दुपारी रिकामी खुर्ची आणि वाजणारा फोन दिसला, त्यानं उचलला, आणि बोटांनी आपलं काम केलं.

पण खोड म्हणजे पुरावा नव्हे. तो कानावर हात ठेवील आणि मालक त्याचीच बाजू घेतील, कारण तो त्यांचा माणूस. आणि फाइल तर मुकीच. मी कपाळाला हात लावून बसले होते. बाहेरच्या दालनातून म्हाताऱ्याच्या लेकीचा आवाज आला, "झालं का हो तुमचं?" टोकाच्या टेबलावरच्या दोन बायका दचकून वळल्या.

बाबांना कमी ऐकू यायचं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं.

मी म्हाताऱ्याची फाइल बंद केली. त्याच वेळेची धाकटीची फाइल उघडली, मास्कच्या साइजची.

६

मालकांच्या केबिनमध्ये मी सगळ्यांना बोलावलं. मॅनेजर दाराशी उभा राहिला. ताई आणि धाकटी एकमेकींचा हात धरून बसल्या. मेकॅनिक फडकं घेऊनच आला होता.

"म्हाताऱ्याशी जो बोलला तो ओरडून बोलला असणार," मी म्हटलं. "आणि इथले हेडसेट पंखासुद्धा सोडत नाहीत. ऐका."

आधी धाकटीचा आवाज आला, मऊ, कामातला. मास्क लहान हवा की मोठा. आणि तिच्या मागून, जरा दुरून, पण शब्द न् शब्द स्पष्ट:

"आजोबा! घाबरू नका! माणूस निघालाय! हो हो, गाडी निघाली! दार उघडं ठेवा! ... नाही, मुलीला कशाला त्रास देता? दुसरीकडे फोन करत बसू नका, लाइन मोकळी ठेवा! आमचा माणूस तुम्हाला फोन करील!"

आवाज ओळखायला कुणालाच कष्ट पडले नाहीत. मालक हळूच खाली बसले.

"गाडी कुठे होती?" मी मेकॅनिकला विचारलं.

त्यानं या खेपेला खिडकीकडे पाहिलं नाही. "साहेबांच्या घरी. त्यांची पाण्याची मोटर बिघडली होती. सिलिंडर गाडीतच होते. मला कुणी फोन केला नाही, बाई. केला असता तर मोटर तशीच टाकून गेलो असतो."

"मला वाटलं, हा येईलच अर्ध्या तासात," मॅनेजर म्हणाला. "आला की पाठवणार होतो. घरच्या कामाला गाडी नेली हे मालकांना कळू नये, एवढंच होतं मनात."

"मग आला तेव्हा?"

"तेव्हा डोक्यातून गेलं."

म्हाताऱ्याची लेक उठली नाही, ओरडली नाही. सगळ्यांना वाटलं ती त्याच्या अंगावर धावून जाईल. ती एवढंच म्हणाली, आणि तेही तिच्या मानानं अगदी हळू, "म्हणजे ते मला फोन करत होते. यानं करू दिला नाही." मग तिनं तोंडावर दोन्ही हात घेतले. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. गेले, आणि तिच्या खुर्चीशेजारी उभी राहिले.

रेकॉर्डिंग अजून चालू होतं. मी बंद करायचं विसरले होते. ते बंद केलं असतं तर फार बरं झालं असतं. मास्कवाली बाई म्हणाली, "अहो, तुमच्यामागे कोण ओरडतंय एवढं?"

आणि धाकटी म्हणाली, "आमचे मॅनेजर आहेत. शेजारची जागेवर नाही ना, म्हणून."

ताईनं तिच्या हातातला आपला हात काढून घेतला. झटका नाही, काही नाही. भांड्यावरचं झाकण काढावं तसा.

"वहिनी, ऐक ना," धाकटी म्हणाली. "साहेब म्हणाले, एकीची नोकरी जाईल नाहीतर दोघींची. दादा घरी बसलेला, त्याची औषधं, घरात एक पगार तरी यायला नको का? मी तुला सांभाळणार होते. वकील बघणार होते. तुझ्यासाठीच..."

"त्या दिवशी मी जिन्यात कुणासाठी गेले होते?" ताईनं विचारलं. "तुझ्याच भावासाठी ना?"

धाकटी रडायला लागली. ताई माझ्याकडे वळली.

"ते शेवटचं परत लावा."

"कशाला, ताई?"

"लावा."

मी लावलं. शेजारची जागेवर नाही ना, म्हणून.

"शेजारची," ताई म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा हिची वेणी मी घालायचे."

७

मालकांचा कागद मी तसाच परत दिला आणि माझा वेगळा लिहिला. दोन्ही फाइलींच्या प्रती पोलिसांना दिल्या, एक लेकीला दिली. मालक म्हणाले, "तिला द्यायची काय गरज होती?" मी माझी पिशवी उचलली.

मॅनेजरला पोलीस घेऊन गेले. महिन्याभरात तो जामिनावर बाहेर आला, आणि त्याची केस उभी राहील तेव्हा राहील. मेकॅनिकला मात्र लगेच काढलं, कंपनीची गाडी खासगी कामाला वापरली म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! ताईवरचा आरोप गेला. तिची जागा तिला परत मिळाली. धाकटीची जागाही तशीच राहिली, कारण फोन घ्यायला माणसं लागतात आणि शिकलेली माणसं सहजी मिळत नाहीत. दोघींची टेबलं हलवायला जागा नव्हती.

म्हाताऱ्याची लेक एकदा माझ्या दुकानात आली होती. ती फाइल तिच्या जुन्या मोबाइलमध्ये वाजत नव्हती. मी वाजवून दिली. "मुलीला कशाला त्रास देता, इथपर्यंतच ठेवा," ती म्हणाली, "पुढचं कापा." मी कापून दिलं.

पुढे मालकांचा मला फोन आला. मला वाटलं, स्टार सात काढून टाकायला सांगतील, नाहीतर भिंतीवरचं ते घड्याळ.

"बाई, चांगले हेडसेट हवेत," ते म्हणाले. "तुम्ही आधी सांगत होतात ते. आजूबाजूचं काही पकडणार नाहीत असे. महाग असले तरी चालतील."

धंदा आहे, मी घेऊन गेले. एकेका टेबलावर जोडत ताईपाशी आले. शेजारी धाकटी मान खाली घालून बसली होती. मधे एकाच डब्याऐवजी दोन डबे होते.

ताईनं नवा हेडसेट डोक्यावर चढवला, कानांवर नीट बसवला.

"यातून शेजारचं काही ऐकू येणार नाही ना?"

"नाही, ताई."

"बरं झालं," ती म्हणाली. फोन वाजला. तिनं बटण दाबलं. "नमस्कार, बोला."